शेऱ्याच्या रकान्यातली ओल

सुंदररावांनी राखाडी रंगाचा एक पेव्हर ब्लॉक चर्चच्या पायरीसमोर ठेवला, बुटाच्या टाचेनं दाबून मातीत बसवला आणि त्यावर स्वतः उभे राहून पाहिलं. मग खाली उतरून ते पाळकांना म्हणाले,

"आता तुम्ही उभे राहा, साहेब."

पाळक प्रवीण उभा राहिला. त्याच्यानंतर मंडळीतला भागवत उभा राहिला.

"काय वाटतंय?" सुंदररावांनी विचारलं.

"काय वाटायचंय, सर? ईट हाय. ईटंवर उभं राहिल्यावानी वाटतंय."

रविवारची भक्ती नुकतीच संपली होती. बायका पायरीखाली चपला शोधत होत्या आणि पुरुष त्या एका ब्लॉकभोवती जमले होते. सुंदरराव निवृत्त मुख्याध्यापक आणि चर्चच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी. चर्चचं पटांगण आणि त्याला लागून खालच्या उताराला असलेली दफनभूमी, दोन्हींवर असे ब्लॉक बसवून मिळावेत म्हणून ते सात वर्षं गेवराई आणि बीडच्या कचेऱ्यांत खेटे घालत होते. यंदा मंजुरी आली होती. मार्च संपायच्या आत मंडळीचा ठराव तेवढा द्यायचा होता.

हे वेड उगाच नव्हतं. आठ पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या थोरल्या भावाची पेटी दफनभूमीत नेताना खांदेकरी काळ्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले होते. पेटी कलली आणि तिची एक बाजू जमिनीला लागली. सुंदररावांनी हातरुमालानं तिच्यावरचा चिखल पुसला होता, आणि पुसूनही तो निघाला नव्हता.

पाळकांची बायको ज्योत्स्ना पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिनं तो हळूहळू ब्लॉकवर ओतला. पाणी पसरलं, कडेनं ओघळलं आणि बारीक धार होऊन फाटकाकडे निघालं.

"काय करताय, बाई?"

"बघत होते, सर. पाणी कुठं जातं ते."

"कुठं जातंय?"

"फाटकाकडे."

"मग बरंच की. चिखल नको, डबकं नको."

त्याच सकाळी प्रवीणनं मुख्य कार्यालयाचं परिपत्रक वाचून दाखवलं होतं. हवामान बदलाबाबत प्रत्येक मंडळीनं यंदा काहीतरी ठोस करावं, एक उपदेश त्या विषयावर व्हावा, पंचवीस रोपं लावावीत आणि फोटो पाठवावेत. सुंदररावांनी त्याचाही विचार केला होता. ब्लॉकमध्ये पंचवीस गोल जागा सोडायच्या आणि त्यांत रोपं लावायची.

"हवामानाचं पण होईल, चिखलाचं पण होईल," ते म्हणाले.

"सर, मागल्या तीन वर्सांची झाडं कुठं गेली?" भागवतनं विचारलं.

"जळाली."

"खड्डे हायत पण. दरवर्सी त्याच खड्ड्यात फोटो काढतोय आपण. माझा सदरा बदलला, खड्डा त्योच."

सगळे हसले. सुंदररावही हसले, पण ब्लॉक त्यांनी तिथंच राहू दिला.

ज्योत्स्ना हायस्कूलात विज्ञान शिकवायची. प्रवीणची बदली या गावात झाली तेव्हा चार वर्षांपूर्वी ती इथं आली. चर्चमधलं दफनाचं जुनं रजिस्टर कडांनी झडायला लागलं होतं, म्हणून या हिवाळ्यात ती ते नव्या वहीत उतरवून काढत होती. नाव, वय, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, विधी करणाऱ्या पाळकांची सही. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात 'तापाने', 'बाळंतपणात' असं काहीबाही असणार अशी तिची समजूत होती. पण १९७८ पासून पुढं प्रत्येक नोंदीसमोर एकच गोष्ट लिहिलेली होती. ओल दोन हात. ओल सव्वा दोन हात. ओल एक हात, पाऊस चालू. आठ पाळक झाले होते, आठ अक्षरं होती, शाई बदलली होती, पण हा शेरा कुणी चुकवला नव्हता. शेवटच्या अक्षरापाशी ती थांबली. ते प्रवीणचं होतं.

"हे काय आहे?"

"कारभारीकाका सांगतात. मी लिहितो."

"कशासाठी?"

"आधीचे पाळक लिहायचे," तो म्हणाला.

कारभारी दफनभूमीत खड्डे खणायचे. त्यांच्याआधी त्यांचे वडील खणायचे. संध्याकाळी ज्योत्स्ना त्यांच्या घरी गेली तेव्हा ते अंगणात बसून कुदळीला नवा दांडा बसवत होते. दांड्याला पाचर मारली की ते कुदळ उलटी धरून जमिनीवर आपटत, कान देत, पुन्हा पाचर मारत.

"सलाम, काका."

"सलाम, बाई. बसा. पुतण्याला च्या टाकाया सांगतो. नवनाथ!"

तिनं रजिस्टरमधल्या शेऱ्यांबद्दल विचारलं.

"ओल कावून सांगतो, म्हंता? बाप सांगायचा म्हणून मी सांगतो." त्यांनी कुदळ बाजूला ठेवली. "ओल वर असली की खड्ड्याच्या भिती ढासळत्यात. बापाच्या अंगावर एकदा आलती. तवाच्या पाळकसाहेबानं म्हणलं, कुठं ओल लागली ती सांगत जा, लिवून ठिवू, म्हंजी पुढल्या खड्ड्याला ठावं ऱ्हाईल. मग पडली रीत. पर आमाला दुसरं बी कळायचं त्यातून. फाल्गुनात दोन हातावर ओल असली की चर्चच्या हिरीला जूनपस्तोर पाणी. तीनवर गेली की बायांला एप्रिलातच घागरी घेऊन हिंडावं लागायचं."

"आणि मोजता कसं?"

कारभारी उठले आणि उजवा हात भिंतीवर पालथा टेकवला. "असा. तळहाताला घट्टे पडल्यात, त्याला काय कळतंय? पालथ्या हाताला कळतंय. वरनं खाली नेत जायचा. गार लागलं की थांबायचं. दोन-चार जागी बघायचं, एका जागी न्हाई. मग कोपरानं मोजायचं."

ज्योत्स्नानं पिशवीतून टेप काढली आणि त्यांच्या कोपरापासून मधल्या बोटापर्यंत लावली. पंचेचाळीस सेंटिमीटर भरलं.

"तुमच्या वडिलांचा हात केवढा होता?"

"माझ्याएवढाच. त्याची बंडी मला येती."

तिनं वहीत तेही लिहिलं. कारभारी तिच्याकडे पाहत होते. आजवर त्यांचा हात कुणी मोजला नव्हता, आणि ओलीबद्दल विचारायला कुणी घरीही आलं नव्हतं. नवनाथनं आणलेला चहा त्यांनी आधी तिच्यापुढं सरकवला.

"बाई, त्याचं काय व्हनार हाय?"

"अजून माहीत नाही."

पुढचे पंधरा दिवस तिनं आलेख कागदावर काम केलं. दोनशे चौदा दफनं होती. पावसाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या नोंदी तिनं बाजूला ठेवल्या, कारण जुलैतली ओल आणि मेमधली ओल एकमेकींशेजारी मांडण्यात अर्थ नव्हता. मार्च ते मे एवढ्याच धरल्या तेव्हा अठ्ठावन्न उरल्या. एकेक टिंब पडत गेलं तशी वर सुरू झालेली रांग उजवीकडे खाली उतरत गेली. ऐंशीच्या दशकात उन्हाळ्यातली ओल दोन हातांच्या आसपास होती. पुढच्या वीस वर्षांत ती तीन हातांकडे सरकली. कबर चार हात खोल असते. गेल्या दहा वर्षांत उन्हाळ्यातल्या अकरा कबरी होत्या आणि त्यांतल्या सहांपुढं लिहिलं होतं, 'चार हातांपर्यंत लागली नाही.'

मग तिनं दफनभूमीचा नकाशा काढून त्या अकरा कबरी शोधल्या. कोरड्या सहाही पश्चिमेच्या बाजूला निघाल्या. तिकडे सिमेंट-फरशीच्या कबरी एकमेकींना खेटून बांधलेल्या होत्या आणि मधल्या वाटांवर कोबा होता. पूर्वेला मातीचे उंचवटे, उशाला एकेक दगड, आणि कमरेएवढं वाळकं गवत. त्या बाजूच्या चार कबरींत तीन-साडेतीन हातांवर ओल लागली होती. उतार तोच, माती तीच. मुरूम दोन्हीकडे सारख्याच खोलीवर लागतो हे तिनं कारभारींना विचारून घेतलं.

अकरावं टिंब मात्र कुठंच बसत नव्हतं. एप्रिल २०१६, पश्चिमेची रांग, ओल दीड हात. सगळ्या टिंबांच्या वर ते एकटं उभं होतं. नोंद होती, मालनबाई कारभारी साळवे, वय ५४.

ज्योत्स्ना पुन्हा गेली. कारभारी दफनभूमीच्या कडेला काट्या तोडत होते. तिनं तारीख सांगितली, आकडा सांगितला, नाव सांगितलं नाही.

कारभारींनी कोयता चालू ठेवला. "लिवलंय ना?"

"लिहिलंय."

"मग तसंच असंल." दोन-चार फांद्या तोडून झाल्यावर ते म्हणाले, "ऊन लई झालं, बाई. घरी जावा."

त्या दिवशी जेवताना प्रवीण म्हणाला, "काढून टाक तो एक. अठ्ठावन्नातला एक. कुणाला कळणार आहे?"

"काढायला कारण लागतं."

"कारण तुला माहीत आहे."

"माहीत नाही. अंदाज आहे."

"उद्या सर नेमकं त्याच्यावरच बोट ठेवतील. मग काकांचं काय? आयुष्यभर त्या माणसाला लोकांनी खड्डेवाला म्हटलंय. त्याच्या एका शब्दावर तू हे सगळं उभं करते आहेस."

पुढच्या रविवारसाठी ज्योत्स्नानं मोठा तक्ता केला तेव्हा अठ्ठावन्न टिंबं काढली. नावं लिहिली नाहीत.

मार्चच्या पहिल्या रविवारी भक्तीनंतर मंडळी बसून राहिली. गीतांचे क्रमांक लावायची जी लाकडी फळी असते, तिच्यावर ज्योत्स्नानं तक्ता टाचला. कारभारी नेहमीच्या जागी होते, शेवटच्या बाकावर, दाराशी.

ती फार बोलली नाही. टिंब म्हणजे काय, ते खाली जाणं म्हणजे काय, पूर्व-पश्चिमेत फरक काय. "पूर्वेच्या चारच कबरी आहेत," ती म्हणाली. "चारांवरून फार मोठं बोलता येत नाही. पण पाणी जिथं झाकलं नाही तिथं मुरलंय, एवढं दिसतं. वरच्या पटांगणावर ब्लॉक घातले तर विहिरीच्या डोक्यावरच झाकण घातल्यासारखं होईल. या विहिरीवर आपली तीस घरं आहेत, बौद्धवाड्यातली चाळीस आहेत. यंदा ती फेब्रुवारीतच आटली." मग तिनं मागणं मांडलं. पटांगण उघडं ठेवायचं, उताराला आडवे चर खणायचे, चर्चच्या पत्र्यावरचं पाणी पन्हळीनं विहिरीत सोडायचं. नव्या कबरींवर सिमेंट घालायचं नाही. पेटी न्यायला मात्र फाटकापासून आतपर्यंत मुरूम-दगडाची चार फुटी पक्की वाट करायची.

सुंदरराव उठले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"बाईंनी मेहनत केली आहे. पण दोन गोष्टी बोलतो. माझ्या आजाच्या कबरीवर नाव नाही. कारण त्या वेळी आपल्या माणसांची नावं दगडावर लिहायची असतात, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या बापावर मी फरशी घातली, नाव कोरलं. आपल्या पिढीला पहिल्यांदा पक्की कबर मिळाली. आता म्हणायचं, पुन्हा मातीचा ढीग करा? हवामान बिघडवलं कुणी आणि सिमेंट सोडायचं आपण?"

दोन-तीन जणांनी माना हलवल्या. ज्योत्स्नाची मानही किंचित हलली, कारण यातला एकही शब्द तिला खोडता येत नव्हता.

"दुसरी गोष्ट." सुंदरराव तक्त्याजवळ गेले आणि चष्मा वर करून जवळून पाहू लागले. "हे वरचं टिंब कुठल्या सालचं?"

"दोन हजार सोळा. एप्रिल."

"सोळा साली या गावात प्यायला पाणी नव्हतं. जनावरं छावणीत होती. आणि जमिनीत दीड हातावर ओल?" ते मंडळीकडे वळले. "एक आकडा असा असेल तर बाकीचे कशावरून खरे? खड्ड्यात उतरून कुणी पाहिलंय? एका माणसाच्या तोंडच्या शब्दावर सात वर्षांची मंजुरी परत करायची?"

शेवटच्या बाकाचा आवाज झाला. कारभारी उभे राहिले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"त्यो आकडा खोटा हाय."

सगळ्या माना मागं वळल्या.

"मालनचा हाय त्यो. खड्डा नवनाथनं खणलता. मी काठावर बसलोतो, आत उतरलोच न्हाई. तवाच्या पाळकसाहेबांनी इचारलं, किती? म्या म्हणलं, दीड हात."

"का पण?" सुंदररावांनी विचारलं.

कारभारींनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्या उन्हाळ्यात ती टँकरमागंच पळाली, सर. रोजच्या सा घागरी. ऊन लागून पडली त्या दिशी बी तिची घागर लाईनीतच व्हती. शेजारणीनं भरून आणून दिली मागनं. पाळकसाहेब वही घिऊन उभे. तिला कोरड्यात ठिवली, असं सांगाया तोंडच उघडंना. म्हणून ओल सांगितली."

मग त्यांनी तक्त्याकडे हात केला.

"बाकीचे खरे हायत. माझ्या बापाचे बी खरे हायत, त्याला यात वढू नका. एकच खोटा. त्यो माझ्या नावावर लिवा." आणि ते खाली बसले.

सुंदरराव तक्त्याशी उभेच होते. "पण मग इतरांचं कशावरून..."

"सर," भागवत म्हणाला, "खोटंच चालवायचं असतं तर त्यो आज उठला असता व्हय? गुमान बसला असता की दाराशी."

सुंदररावांनी चष्मा खाली घेतला. "हात वर करून घ्या, साहेब," ते प्रवीणला म्हणाले.

एकतीस हात ज्योत्स्नाच्या मागण्याच्या बाजूनं आले, चौदा विरुद्ध. सुंदररावांचा हात विरुद्धमध्ये होता. ठराव लिहायचं काम सेक्रेटरीचं. त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं आणि त्या वळणदार अक्षरात, ज्या अक्षरात त्यांनी सात वर्षं अर्ज केले होते, मंजुरी परत करण्याचा ठराव लिहून काढला. ज्योत्स्नानं सुचवलेलं एकही वाक्य त्यांनी बदललं नाही. कागद पुरा झाल्यावर टोपणाचा आवाज करून पेन बंद केलं आणि घरी गेले.

संध्याकाळी ज्योत्स्नानं जुनं रजिस्टर कारभारींच्या अंगणात उघडलं. मालनबाईंच्या नोंदीवर तिनं काट मारली नाही. शेजारी बारीक अक्षरात 'मोजलेली नाही' असं लिहून तारीख घातली. कारभारींनी खाली सही केली. सहीला त्यांना बराच वेळ लागला.

तेव्हा ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होता. दरवर्षी त्या चाळीस दिवसांत मंडळी शनिवारी उपास करून प्रार्थनेला जमायची. यंदा प्रवीणनं प्रार्थना पटांगणात ठेवली, आणि प्रार्थनेनंतर कुदळी. उपाशी पोटी खणायला लागल्यावर भागवतनं पहिल्याच शनिवारी जाहीर केलं, की देवाला उपास पोचला असेल तर त्यानं निदान चहाची तरी परवानगी द्यावी. चहाची परवानगी मिळाली. तिसऱ्या शनिवारी बौद्धवाड्यातली पोरं आपापली फावडी घेऊन आली. कुणी बोलावलं नव्हतं. विहीर त्यांचीही होती. कारभारी दोरी धरून उतार बघायचे, आणि चर कुठं वाकवायचा ते सांगायचे. हायस्कूलच्या पाणीपातळीच्या नळीनं ज्योत्स्नानं ते तपासलं. चाळीस फुटांत एका बोटाचा फरक निघाला. ती दुसऱ्यांदा तपासायला गेली नाही.

सुंदरराव एकाही शनिवारी आले नाहीत. रविवारी यायचे, पहिल्या बाकावर बसायचे, खणलेल्या पटांगणातून फळीवरून तोल सांभाळत घरी जायचे.

एप्रिलच्या शेवटी त्यांची आई गेली. विजयमालाबाई, वय एक्क्याण्णव. सकाळी भाकरीचा तुकडा दुधात भिजवून खाल्ला आणि खाटेवर आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. नवऱ्याशेजारी जागा राखलेली होती, पश्चिमेच्या रांगेत, काळ्या फरशीच्या दोन कबरींच्या मधे. पुण्याहून आलेल्या नातवानं ग्रॅनाइटचं विचारलं. सुंदरराव म्हणाले, "ठराव माझ्या अक्षरात आहे," आणि विषय संपला.

दुपारी तीनला पेटी फाटकातून आत आली. मुरमाची वाट अजून दाबून बसली नव्हती, तरी खांदेकऱ्यांचे पाय सरळ पडत होते. कबर तयार होती. पेटी काठाशी टेकवली तेव्हा कारभारी अजून आतच होते. काठावरून फक्त त्यांची टोपी दिसत होती, मग तीही दिसेनाशी झाली. ज्योत्स्ना वही घेऊन डोक्याच्या बाजूला उभी राहिली. प्रवीणनं पुस्तक उघडून बोट आत ठेवलं आणि वाट पाहिली.

कारभारींनी उत्तरेची भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. मग दक्षिणेची. मग गुडघ्यांवर बसून तळाशी, दोन्ही कोपऱ्यांत. त्यांच्या हाताबरोबर सुकी माती सळसळत खाली येत होती. नेहमीपेक्षा त्यांना जास्त वेळ लागला. शेवटी ते उभे राहिले, आणि ज्योत्स्नाकडे न पाहता त्यांनी वर सुंदररावांकडे पाहिलं.

"सर, काय सांगू?"

मागं उभ्या असलेल्यांना ते नीट ऐकूही गेलं नसेल. ज्योत्स्नाला ऐकू गेलं. तिनं मान खाली घातली आणि कोऱ्या रकान्याकडे बघत राहिली. पेन तिनं कागदापासून थोडं वर धरलं. या वेळी जे कानावर येईल ते आपण लिहू की नाही, हे तिला त्या क्षणी ठरवता येत नव्हतं.

सुंदरराव काठाशी आले. पांढऱ्या सदऱ्यासकट उकिडवे बसले आणि खाली वाकून पाहिलं. चार हात खोलीपर्यंत एकाच रंगाची, भेगाळलेली माती होती. तिच्यात मधे कारभारी उभे होते, चेहऱ्यावर धूळ, आणि उत्तराची घाई नसलेले. दोघं म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिले.

"आहे ते," ते म्हणाले.

"न्हाई लागली, सर."

"चार हातांपर्यंत?"

"चार हातांपर्यंत."

नवनाथनं कारभारींना हात देऊन वर घेतलं. सुंदरराव गुडघ्यावर हात टेकून उठले. ज्योत्स्नाशेजारी येऊन उभे राहिले, जसे वर्गात बाकाशेजारी उभे राहत असतील.

"लिहा, बाई," ते म्हणाले. "विजयमालाबाई. वय एक्क्याण्णव. चार हातांपर्यंत लागली नाही."

तिनं लिहिलं. ते वाकून शेवटच्या शब्दापर्यंत वाचेतो थांबले. मग त्यांनी प्रवीणकडे पाहून मान हलवली, आणि खांदेकऱ्यांनी पेटी उचलली.